कुंकू लावलेल्या चार पट्ट्या

माझा हात पटकन उठतो. घराण्याचीच देणगी म्हणायची. वडील शाळामास्तर होते. दिवसभर ते गावातली पोरं झोडपत आणि उरलेला जोर संध्याकाळी आम्हा भावंडांवर काढत. मी मोठा झालो, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पडलो, आणि समोर मारायला पोरं नव्हती म्हणून यंत्रांना मारू लागलो. त्या काळी ते खपूनही जायचं. मॉनिटरचं चित्र थरथरलं की डाव्या अंगाला एक चापट, प्रिंटर अडला की वरून बुक्की. बहुतेक वेळा यंत्र निमूट चालू व्हायचं. जळगावात स्टेशनजवळ आमचं दुकान होतं. मालक गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देत, "हा आमचा पैलवान इंजिनिअर." गिऱ्हाईक हसायचं आणि मीही हसायचो.

ही गोष्ट नव्वदनंतरच्या चार-पाच वर्षांतली. धुळ्याच्या बाहेर एक सूतगिरणी होती आणि तिथला सर्व्हर आमच्या देखभालीत होता. काचेच्या एका थंड खोलीत ठेवलेला गलेलठ्ठ डबा, आणि गिरणीभर पसरलेले त्याचे बारा टर्मिनल. कापसाच्या गाठी किती आल्या, सुताचा कुठला लॉट कुठे गेला, कोण कामावर आलं, सगळं त्या एका डब्यात. दुपारी पाळी बदलताना बाराही ठिकाणी एकदम कळा दाबल्या जायच्या आणि डबा गुदमरायचा. हजेरीच्या खिडकीपुढे रांग तुंबायची. घामेजलेले, अंगभर कापूस चिकटलेले लोक खिडकीवर थापा मारत आणि आतल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत.

दुखणं साधं होतं. डब्याला मेमरी कमी पडत होती. आत आठ खाचा होत्या, चार भरलेल्या आणि चार रिकाम्या. रिकाम्या चारांत नव्या चार पट्ट्या बसवायच्या, अर्ध्या तासाचं काम. मेमरीची पट्टी म्हणजे बोटभर लांबीचा हिरवा तुकडा, त्याच्या पाठीवर ओळीनं काळे ठोकळे आणि खालच्या कडेला सोनेरी दात. दात खाचेत बसले की झालं. त्या चार पट्ट्या मी स्वतः मुंबईच्या बाजारातून आणल्या होत्या. दुकानात गर्दी होती, माझी गाडी सुटायला आली होती. दुकानदारानं तीन पट्ट्या एका खोक्यातून काढल्या, चौथी दुसऱ्या खोक्यातून काढली, चारही चंदेरी पिशवीत घातल्या आणि मी पिशवी खिशात कोंबून पळालो.

सर्व्हर बंद ठेवायचा तर गिरणी बंद असलेला दिवस हवा. मॅनेजरसाहेबांनी खंडेनवमी ठरवली. त्या दिवशी सकाळची पाळी लवकर सुटते, मग सगळी यंत्रं झाडूनपुसून त्यांची पूजा होते, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. मी सकाळच्या एस.टी.नं निघालो, एरंडोल, पारोळा करत बाराच्या सुमारास गिरणीच्या फाटकात उतरलो. आत उत्सव होता. यंत्रांना झेंडूच्या माळा, चाकांवर हळदीकुंकवाचे पट्टे, गुलाल. गाठी फोडणाऱ्या खात्यातल्या लोकांनी मागच्या शेडपाशी बोकड कापला होता आणि रक्ताची एक ओळ उतारावरून थेट रस्त्यापर्यंत आली होती. ती ओलांडूनच मी कॉम्प्युटरच्या खोलीकडे गेलो.

त्या खोलीचे शिपाई म्हणजे आबा. सगळी गिरणी त्यांना आबाच म्हणायची, मीही. साठीला टेकलेला, काटकुळा, पांढऱ्या टोपीतला माणूस. आयुष्यभर सूत कातायच्या यंत्रांवर तेल घालत आलेले. एकदा उजव्या हाताची दोन बोटं यंत्रानं नेली, तेव्हा गिरणीनं त्यांना या काचेच्या खोलीत बसवलं. खोलीत चप्पल घालून कोणी शिरू नये हा नियम कागदावर माझा होता आणि तो पाळायला लावायचे आबा. एकदा त्यांनी खुद्द साहेबांना दारात अडवलं होतं. डिसेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. गिरणीत रीत अशी की निवृत्त होणाऱ्याचा मुलगा बापाच्या जागी लागायचा, फक्त बापाच्या नावावर एकही लेखी ठपका असता कामा नये. आबांच्या नावावर एकही नव्हता. हे त्यांनी मला प्रत्येक खेपेला सांगितलेलं होतं, आणि मी प्रत्येक खेपेला, "हो आबा, माहीत आहे," असं कंटाळून म्हटलेलं होतं.

मी डबा उघडला, धूळ काढली, चारही पट्ट्या पिशवीतून काढून टेबलावर कागदावर मांडल्या. एवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. चहा, फरसाण, पुढच्या वर्षी आणखी टर्मिनल घ्यायचे की काय याची चर्चा. अर्ध्या तासानं परत येतो तो काय!

टेबलावर तांब्याचं ताम्हण. ताम्हणात झेंडूची फुलं, चार सुपाऱ्या, आणि माझ्या चार पट्ट्या. चारही पट्ट्यांच्या सोनेरी दातांवर ओल्या कुंकवाची बोटं उमटलेली. वर अक्षता. आबा डोळे मिटून, हात जोडून उभे.

"आबा! हे काय केलंत?"

ते दचकले, मग हसले. "पूजा करी भाऊ. नवी वस्तू मशीनमा घालाना आगोदर पूजा करनी पडस. बिगर पूजानं चाक बसाडं व्हतं एक साल, त्याच सालले मनी बोटं गयीत."

"पण दातांवर कशाला? तिथंच कशाला?"

"सोनं दिसनं तठेच लावं मी. तेच देवनं तोंड."

आता त्यांना काय सांगणार? गिरणीत तीस वर्षं नव्या पट्ट्याला, नव्या चाकाला, नव्या दाभणालासुद्धा कुंकू लागलं होतं आणि कुठलंच यंत्र कुंकवानं बंद पडलं नव्हतं. पण माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. मी पट्ट्या हिसकावून घेतल्या. स्पिरिटनं पुसल्या, मग खोडरबरानं दात घासून काढले, फुंकर मारली, खाचांत बसवल्या आणि बटण दाबलं.

डब्यानं लांब शिट्टी मारली. पडद्यावर मेमरीत चूक असल्याची एक ओळ आली आणि सगळं ठप्प. पट्ट्या काढल्या की जुन्या चारांवर डबा चालू, बसवल्या की शिट्टी. मी पुन्हा पुसल्या, पुन्हा बसवल्या. पुन्हा शिट्टी. असं चारदा झालं. थंड खोलीत माझा सदरा पाठीवर घामानं भिजला होता. बाहेर ढोल वाजत होता आणि प्रत्येक ठोका माझ्या दाढेत बसत होता. मुंबईची खेप वाया गेली, मालक मला कच्चा खाणार, साहेब हसणार, हे सगळं डोक्यात शिजत होतं. डब्याला मी एक लाथ घातली. आबा कोपऱ्यात उभे होते. ते हळूच पुढं आले, हातातला नारळ दाखवला आणि मायेनं म्हणाले, "नारळ फोडी देखूत का, भाऊ? नारळ ऱ्हायना ना, म्हनीसन रुसनं व्हई."

मी फिरलो आणि त्यांच्या कानाखाली ठेवून दिली.

जोरात बसली. सगळ्या ताकदीनं मारली होती, कारण मला तसंच मारता येतं. टोपी उडाली. आबा आडवे गेले, त्यांचं डोकं वीज गेल्यावर डबा चालवणाऱ्या बॅटऱ्यांच्या लोखंडी चौकटीवर आपटलं आणि नारळ गडगडत टेबलाखाली गेला. ते उठून बसले तेव्हा डाव्या कानातून रक्ताचा बारीक धागा मानेवर उतरत होता. त्यांनी आधी टोपी शोधली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. छातीतली वाफ निघून गेल्यासारखं हलकं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ती वाटली नव्हती.

खोलीला काच होती आणि काचेपलीकडे गुलालानं माखलेली माणसं उभी होती, हे मी विसरलो होतो. एक आरोळी उठली, "आबाले मारं! त्यानी आबाले मारं!" ढोल थांबला. दार धाडकन उघडलं आणि ते आत आले, चपला घालून आले. त्या खोलीत पहिल्यांदाच चपला वाजत होत्या आणि मला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

पहिला फटका लाकडी कांडीचा होता, सूत गुंडाळतात तिचा. तो नाकावर बसला. नाक मोडताना कानाच्या आतून आवाज येतो. मग किती बसले कोण मोजतो! मीही काही शेळपट नव्हतो. एकाच्या जबड्यावर मी ठोसा लगावला, दुसऱ्याच्या दंडाला चावलो. मग मला खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. बरगड्यांवर, मांड्यांवर, पाठीत. कोणीतरी खुर्ची फेकली, ती काचेतून आरपार गेली आणि काचेचे तुकडे आम्हा सगळ्यांवर पडले. रक्त कुणाचं आणि गुलाल कुणाचा हे ओळखू येत नव्हतं. तेवढ्यात एकानं मागचा लोखंडी स्टूल उचलला आणि तो सर्व्हरकडे वळला.

"मशीनले हात नका लावा रे!"

आबा होते. कानावर हात दाबून ते उघड्या डब्यापुढं आडवे उभे राहिले. "मशीननं काय चुकनं? बठ्ठास्नी बाहेर व्हा. चपला घालीसन आठे कोन उनं? बाहेर व्हा!"

आणि ती माणसं बाहेर गेली. आपल्यासाठी भांडायला आलेल्यांना आबांनी हाकलून दिलं, नियमासाठी. मी फरशीवर पडून हे पाहत होतो.

साहेब आले. पोलिसात जायचं नाही, गिरणीची अब्रू जाते, हे त्यांनी आधी ठरवलं आणि मग विचारलं, "झालं काय?" मी नाकावर रुमाल दाबून सांगितलं, "यांनी मेमरीला कुंकू फासलं. मेमरी गेली." साहेबांनी तसं कागदावर लिहून घेतलं. मी सही केली. आबांना विचारलं, कुंकू लावलं का? ते म्हणाले, हो लावलं. एवढ्यावर त्या दिवशीची विचारपूस संपली. आबांना सरकारी दवाखान्यात नेलं, मला एका खासगी डॉक्टरकडे. आबांच्या कानाचा पडदा फाटला होता. माझ्या नाकावर पट्टी बसली.

दसऱ्याच्या दिवशी, शनिवारी, मी पुन्हा गिरणीत गेलो. जळगावहून मालकांनी फोनवर बजावलं होतं की यंत्र सुरू झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. गिरणी रिकामी होती. काचा झाडून ठेवल्या होत्या. मी चारही पट्ट्या घेऊन खिडकीत उन्हाला बसलो आणि दाढीच्या ब्रशानं एकेक ठोकळा साफ करू लागलो. एक पट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी लवकर संपली.

लवकर का संपली? मी मोजलं. पहिलीवर नऊ ठोकळे. दुसरीवर नऊ. तिसरीवर नऊ. चौथीवर आठ.

तो सर्व्हर नऊ ठोकळ्यांच्या पट्टीवरच चालायचा. आठ ठोकळे आकडे धरून ठेवतात आणि नववा त्यांच्यावर पहारा करतो, कुणी चुकीचं बोलत नाही ना ते बघतो. आठांची पट्टी घरगुती कॉम्प्युटरला चालते. हा पहारेकरी नसलेली पट्टी बघून बिचारा डबा पहिल्यापासून सांगत होता की इथं एक कमी आहे. शिट्टी मारून मारून सांगत होता. मुंबईच्या दुकानात मोजलं असतं तर कळलं असतं. टेबलावर मांडताना मोजलं असतं तरी कळलं असतं. पहिलीतल्या पोराला नऊपर्यंत मोजता येतं. मला कुंकू दिसलं आणि मी मोजायचं थांबलो.

मी काय केलं? ती आठांची पट्टी दोन्ही हातांत धरली आणि कटकन मोडली. तुटलेली कड तळव्यात घुसली, रक्त आलं, तरी मी तिचे आणखी दोन तुकडे केले, म्हणजे कुणी ठोकळे मोजायला नको. तुकडे खिशात घातले आणि जळगावला फोन लावला. "एक पट्टी जळाली. कुंकवानं. दुसरी पाठवा, नऊ ठोकळ्यांची." मालकांनी कुंकवाच्या नावानं आणि धुळ्याच्या नावानं कचकचून शिव्या दिल्या. मी "हो ना, हो ना" म्हणालो.

निघताना फाटकावरच्या रखवालदारानं माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या भाऊ. आबाकडे जाई या. गिरणीना मांगेच घर शे. दसराले कोन्हावर राग ठेवू नही."

त्याला वाटत होतं राग माझा आहे आणि मी तो सोडायला हवा. मी पानं घेतली, हो म्हटलं आणि उलट्या दिशेनं लॉजवर गेलो. रविवारभर पलंगावर पडून राहिलो. बरगड्या ठणकत होत्या. आपणही कमी मार खाल्ला नाही, फिटंफाट झाली, असं मी मनाला पटवत होतो आणि मनाला ते बऱ्यापैकी पटतही होतं.

सोमवारी एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती नवी पट्टी आली. बसवली आणि डबा न कुरकुरता सुरू झाला. दुपारी पाळी बदलताना हजेरीची रांग झरझर सरकली. साहेबांनी पाठ थोपटली, नेमकी दुखत होती तिथंच. त्याच दिवशी आबांच्या घरी गिरणीचा कागद गेला. गिरणीच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल कामावरून दूर, चौकशी होईपर्यंत. म्हणजे लेखी ठपका पडला, आणि मुलाची जागा गेली. मला हे त्या दिवशीच कळलं. मी गप्प बसलो. मला वाटलं चौकशीत होईल काय व्हायचं ते.

मला बोलतं केलं ते माझ्या मनानं नाही. सर्व्हरवर काम करणारी एक ऑपरेटर बाई होती, शांत, चष्मेवाली. बुधवारी मी निघायची आवराआवर करत होतो, तेव्हा ती म्हणाली, "सर, एक विचारू? कुंकू चारही पट्ट्यांना लागलं होतं ना?"

"हो. मग?"

"मग बाकीच्या तीन कशा चालताहेत?"

माझा हात उठला. खरोखर उठला, खांद्यापर्यंत. ती खुर्ची सरकवून मागं झाली आणि तिनं तोंडापुढं फाईल धरली. मी हात खाली घेतला, पण ती फाईल खाली घेईना. फाईलमागून तिचा श्वास ऐकू येत होता. बाईमाणसावरही मी हात टाकला असता, आणि तोही खरं बोलल्याबद्दल. मला स्वतःची किळस आली.

मी तिथून साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आठ ठोकळे, नऊ ठोकळे, मोडलेली पट्टी. खिशातले तुकडे टेबलावर ठेवले. साहेब बराच वेळ ते तुकडे पेन्सिलीनं इकडून तिकडे ढकलत राहिले. मग म्हणाले, "हे मला शुक्रवारी का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, "शुक्रवारी माहीत नव्हतं." ते खरं होतं, आणि शनिवारचं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मला लिहून द्यायला लावलं. आबांचा कागद मागं घेतो, ठपका पुसला जाईल, पोराचं काम होईल, असं म्हणाले. आमच्या दुकानाला मात्र यापुढं गिरणीची पायरी बंद. माझी नोकरी गेली हे मला तिथंच कळलं. आणि कळल्यावर, माझ्यासारख्या माणसाला काय वाटावं? मला फार थोर वाटायला लागलं. नोकरीवर पाणी सोडून खरं बोललो, असा माणूस आज कुठं मिळतो! त्याच नशेत मी पावशेर पेढे घेतले आणि आबांचं घर विचारत निघालो.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. ओट्यावर आबा बसले होते, कानात कापसाचा बोळा. मला बघून ते घाईनं उठले. "या भाऊ, या. बठा." मी मारलेल्या माणसानं माझ्यासाठी घोंगडी झटकून टाकली.

मी शेजारी बसलो आणि खालच्या आवाजात, भावनेनं ओथंबून म्हणालो, "आबा, चूक माझी होती."

आबांनी डाव्या कानातल्या बोळ्याला बोट लावलं आणि मान वळवून उजवा कान पुढं केला, गिरणीच्या खडखडाटानं आधीच मंद झालेला. "काय म्हणी राहिनात? ह्या कानले काही ऐकू येस नही. जोरमा बोला."

"चूक माझी होती!"

"आं?"

मग मला ओरडावं लागलं. भर गल्लीत, शेजारपाजारचे लोक दारात येऊन बघताहेत, पोरं थबकलीत, आणि मी घसा फाडून ओरडतोय, "कुंकवानं काही झालं नाही! पट्टीच चुकीची होती! मी आणली होती! मी! कागद मागं घेतलाय साहेबांनी! तुमच्या पोराचं काम होणार!" तुटक्या नाकामुळं माझा आवाज गेंगाणा येत होता. कोणीतरी खुसकन हसलं.

आबांना हळूहळू कळत गेलं. मला वाटलं ते आता हात जोडतील किंवा मारतील. दोन्हीची मी तयारी ठेवली होती. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते घराच्या दाराकडे बघत होते.

दारात त्यांची बायको उभी होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेल्या फडक्यात लटकवलेला. डोळ्याखाली काळंनिळं. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"अक्का, हाताला काय झालं?" मी विचारलं.

तिनं प्लास्टरवरचं फडकं सारखं केलं. मग आबांकडे न बघता म्हणाली, "सोमवारले कागद उना. त्या रोजले. कुंकू मी दिन्हं व्हतं ना, मना करंडामाईन. तुन्या कुंकूनं पोऱ्यानी भाकर गयी, असं म्हनेत आन् दांडकं लिन्हं." मग म्हणाली, "पस्तीस वरीस व्हयनात भाऊ, यासनी कधी बोट लावं नही माले. गिरणीमा कोन्ही मारं नव्हतं यास्ले. मार खाई उनात आन् माले दिन्हा."

सोमवार. मी मनातल्या मनात मोजलं. यावेळी नीट मोजलं. शनिवारी दुपारी मला कळलं होतं. या घरापासून पाच मिनिटांवर बसून कळलं होतं, हातात पानं होती, पाय होते, बोलायला तोंड होतं. शनिवारची संध्याकाळ, रविवार, सोमवारची सकाळ. अक्कांचा हात तोवर धड होता.

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. नजरेत राग नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. "तुमले कवय समजनं भाऊ? कुंकूना दोष नही म्हनीसन?"

आबांनीही मान वर केली. एवढं ओरडून ओरडून खरं बोललो होतो, आता आणखी एकच शब्द बोलायचा होता.

"आज सकाळी," मी म्हणालो.

तिनं सुस्कारा टाकला. चेहऱ्यावरचा ताण उतरला. "मंग तुम्हना तरी काय दोष," ती म्हणाली. "समजताच उनात ना पयत." ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं डाव्या हातानं, न सांडण्यासाठी कप छातीशी धरून, माझ्यासाठी चहा घेऊन आली.

मी तो चहा प्यालो.